नावातले पुरण

एखाद्या नावाचे मूळ शोधू लागले की आपले लक्ष प्रथम मोठ्या माणसांकडे जाते. कोलकात्याच्या खिदिरपूरचेच उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे जेम्स किड जहाजे बांधीत असे. त्याच्यावरूनच हे नाव पडले, अशी एक समजूत आहे. परंतु ‘खिदिर’ हे बंगालीत रूढ झालेले ख्वाजा खिज्राचेही नाव आहे, आणि खिज्र हा नावाड्यांचा पाठीराखा. लगतच्या वाटगंजाला मात्र खरोखरच एका साहेबाचे नाव लाभले आहे. कर्नल हेन्री वॉटसनने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गोदी उभारली होती.

पक्वान्नांच्या नावांतही असेच दोन प्रकार आढळतात. कोलकात्याची ‘लेडीकेनी’ ही लॉर्ड कॅनिंगच्या पत्नीच्या नावाची मिठाई. ती बाई १८६१ साली याच शहरात वारली. तिचे नाव राहिले. पण छेन्याचा गोळा तळून पाकात मुरवावा लागतो, हे त्या नावावरून कोणास कळावे?

फ्रान्सच्या लिमूझँ प्रांतातील ‘क्लाफुती’ची गोष्ट निराळी आहे. लोणी लावलेल्या पात्रात काळ्या चेरी, बिया न काढता, दाटीने मांडतात; त्यांवर अंडी, दूध, साखर व पीठ यांचे सरबरीत मिश्रण ओतून ते भट्टीत भाजतात. दुसरी फळे घातली, तर त्याच पदार्थाला ‘फ्लोन्यार्द’ म्हणतात. ‘क्लाफुती’ हा शब्द तेथील ऑक्सितान भाषेतील ‘क्लाफिर’ या क्रियापदावरून आला. त्याचा अर्थ भरणे. आपले ‘पुरण’ही संस्कृत ‘पूरण’ म्हणजे भरणे यावरूनच आलेले आहे. दोन्ही नावांत राजा नाही, राणी नाही. करणाऱ्या हाताची क्रिया तेवढी आहे.

१८८१-८२ च्या कायद्यांनी फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. ते फ्रेंचमधून असे, आणि घरची बोली शाळेत बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई. पुढे ऑक्सितान बोलणारे घटत गेले. पण सरकारी हुकूम चुलीपर्यंत पोहोचत नाही. मुले शाळेत फ्रेंच शिकली, तरी घरी पात्र भरताना आईच्या तोंडी जुनाच शब्द राहिला, आणि पुढे फ्रेंच कोशांनाही तो स्वीकारावा लागला. भाषेचा इतिहास लिहिणाऱ्याने दप्तरखान्याइतकाच स्वयंपाकघरातही शोध घ्यावा, तो याचसाठी.