चुनखडीतली भोकं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या चिंचवडच्या सोसायटीने बोअर घेतली. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली, गाडी आली आणि रात्रभर धडधड. तीनशे फुटांपर्यंत नुसती काळी-करडी भुकटी! पैसे मात्र फुटाच्या हिशोबाने.

काका तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होते. त्यांचं आयुष्य भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर गेलं. गॅलरीतून बघत म्हणाले, "अगं, सागर सम्राटने समुद्रात भोक पाडलं तेव्हा सगळ्या देशाचा जीव असाच टांगणीला लागला होता."

विषय तिथून निघाला, आणि मग मी वाचत सुटले.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत भाव चौपट झाले. आपण बहुतेक तेल बाहेरून आणत होतो. काका म्हणतात, रॉकेलचा डबा पहाटेच रांगेत ठेवून यावं लागे. अशा वेळी, फेब्रुवारी 1974 मध्ये, मुंबईपासून 160 किलोमीटरवर भर समुद्रात तेल लागलं. त्या जागेचं नाव तेव्हा बॉम्बे हाय, आता मुंबई हाय. ओएनजीसीची 'सागर सम्राट' ही जपानमध्ये बांधलेली रिग. मे 1976 पासून उत्पादन सुरू झालं.

जागा कुणी दाखवली? तिथे नारळ नव्हता! 1960 च्या दशकात रशियन जहाजाच्या मदतीने पाहणी झाली होती. पाण्यात धक्का द्यायचा आणि समुद्रतळाखालच्या थरांवरून येणारा प्रतिध्वनी टिपायचा. त्यातून एक प्रचंड उंचवटा दिसला. पण प्रतिध्वनी फक्त आकार सांगतो. आत तेल आहे की खारं पाणी, हे भोक पाडल्याशिवाय नक्की कळत नाही.

गंमत म्हणजे हे तेल मुख्यतः चुनखडीत आहे. सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म जिवांच्या कवचांचा आणि शेवाळांचा हा दगड बनला. मधूनमधून समुद्र मागे हटला, पावसाच्या पाण्याने चुना विरघळला आणि दगडात भोकं पडली. पुढे खोलातल्या जुन्या थरांत तयार झालेलं तेल सरकत येऊन त्या भोकांत बसलं. वरच्या चिकणमातीच्या घट्ट थराने झाकणाचं काम केलं.

आणि या चुनखडीच्या बऱ्याच खाली, अनेक ठिकाणी, आपल्या बोअरमधून भुकटी होऊन आला तोच काळा कातळ आहे! वय सुमारे 6.6 कोटी वर्षं. भोकं त्यालाही असतात, पण ती बहुधा सुटी सुटी. पुण्याच्या आसपास तर त्यांत झिओलाइटचे सुंदर खडे भरलेले सापडतात. शोकेसमध्ये ठेवायला छान, पण भोकं एकमेकांना जोडलेली नसली तर त्यातून काही वाहणार कसं? आपल्याकडे पाणी मिळतं ते भेगांतून.

चुनखडीचा अंदाज बांधणं अवघड ते याच कारणाने. दगड सगळीकडे सारखा विरघळत नाही. एक विहीर भरभरून देते, शेजारची हात आखडते. तेल ढकलायला पाणी सोडावं, तर ते मोकळ्या वाटेने भलत्याच विहिरीत निघतं आणि तेल मागेच राहतं. अशा क्षेत्रातलं जेमतेम एक तृतीयांश तेल वर येतं. 1980 च्या दशकात मुंबई हाय रोज चार लाख पिंपांहून जास्त देत होतं. 2024 पर्यंत ते दीड लाखाच्याही खाली आलं. म्हणूनच जानेवारी 2025 मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक मदत घेतली गेली. पन्नास वर्षं झाली, तरी त्या दगडाचा हिशोब पुरा झालेला नाही.

हे सगळं काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे दोन हिस्से अजून खालीच? आणि आम्ही पाच लिटरसाठी रांगेत!"

असो. आमच्या बोअरला शेवटी साडेतीनशेवर एक भेग लागली. धार करंगळीएवढी. झाडांना पुरते.