‘म्हादेई’ची सागरपरिक्रमा (२००९-१०) : मोसमी वारे आणि प्रवासाचे वेळापत्रक

महाराष्ट्राच्या सागरी इतिहासाचे लेखन बहुतांशी कोकण किनारा आणि मराठा आरमार यांभोवती फिरते. वऱ्हाडच्या इतिहासात समुद्र येतो तो १८६० च्या दशकातील कापूस-निर्यातीच्या प्रकरणात. अमरावती-अकोल्याचा कापूस मुंबई बंदरातून इंग्लंडला गेला, एवढ्यावर तो संपतो. वास्तविक ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर वऱ्हाडातील पऱ्हाटी उभी राहते, तोच वारा अरबी समुद्रातील शिडांच्या नौकांचे वेळापत्रक ठरवीत आला आहे. कमांडर दिलीप दोंदे यांच्या सागरपरिक्रमेचा विचार प्रस्तुत लेखात या अंगाने केला आहे.

शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दोंदे हे पहिले भारतीय होत. १९८५-८७ मध्ये ‘तृष्णा’ नौकेने प्रदक्षिणा केली होती, परंतु ती लष्करी चमूची. एकट्याच्या परिक्रमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल (निवृत्त) मनोहर आवटी यांची. ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. एकट्याने, कोठेही न थांबता प्रदक्षिणा करणारे पहिले नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे दोंदे यांनी काही काळ उमेदवारी केली.

१९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ने मुंबई सोडली. वऱ्हाडात तेव्हा पोळ्याचे दिवस होते आणि पावसाने मोठी ओढ दिली होती. नारळी पौर्णिमा होऊन दोनच आठवडे झाले होते. नैर्ऋत्येचा वारा अद्याप ओसरला नव्हता. अशा वाऱ्यात दक्षिणेकडे निघणे हे वरकरणी धाडस वाटते. खरे पाहता तो हिशेब होता. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न उन्हाळ्यातच गाठावे लागते आणि तेथील उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. शिवाय जूनचा पाऊस फुटण्यापूर्वी मुंबईस परतणे आवश्यक. मधल्या मार्गावर हवा सतत पालटते : विषुववृत्ताजवळ वारा पडतो, पुढे आग्नेय व्यापारी वारे लागतात आणि चाळीस अंश दक्षिणेपलीकडे पश्चिमेचे वादळी वारे सुरू होतात. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन असे चारच मुक्काम घेऊन, जानेवारी २०१० च्या अखेरीस हॉर्न ओलांडून दोंदे १९ मे २०१० रोजी मुंबईस पोचले.

पुढील मोहिमा ताडून पाहिल्यास हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. अभिलाष टॉमी याच ‘म्हादेई’तून १ नोव्हेंबर २०१२ रोजी न थांबता प्रदक्षिणेस निघाले, ‘तारिणी’वरील सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी, तर दिलना के. आणि रूपा ए. २ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाल्या. प्रस्थानाचे महिने चार; हॉर्न मात्र प्रत्येक वेळी जानेवारी-फेब्रुवारीतच ओलांडले गेले आणि परतणे मेअखेरच्या आत झाले. अपवाद म्हणावा तर पावसाचा : २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. ‘तारिणी’ गोव्यास पोचली २९ मे रोजी, म्हणजे मोसमी पावसानंतर.