चिटाचा भोजनमंडप आणि माझा कागदी कप

आधी एका कपाची हकिकत सांगतो. मग इतिहासाकडं जाऊ.

गेल्या जत्रेला मी आंबेगावातल्या माझ्या गावी गेलो होतो. सूतगिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावर काम करणारा एक दोस्त जुन्नर तालुक्यातला आहे. तो म्हणाला, चल, आमच्या पाव्हण्याकडं चहा घेऊन पुढं जाऊ. गेलो. पाच माणसं बसलो. चार कप स्टीलचे आले, पाचवा कागदाचा. तो माझ्यापुढं ठेवला. "कप कमी पडले," घरधनीण म्हणाली. समोर फळीवर कपांची रांग पालथी घातलेली मला दिसत होती. मी काही बोललो नाही. चहा पिऊन टाकला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

माझ्या आज्जीला कागदी कप ठाऊक नव्हता. तिच्या लहानपणी सप्त्याच्या शेवटच्या दिवशी काल्याची पंगत बसायची. आमटी-भाकरी. सरपण आमच्या माणसांनी फोडायचं, जेवायला मात्र सगळ्यांच्या शेवटी बसायचं, तेही देवळापासून लांब. जर्मनची ताटली घरनं न्यायची. वाढणारा खाली वाकायचा नाही, वरनंच आमटी सोडायचा. निम्मी ताटलीत, निम्मी हातावर. "गरम असायची रं, पण हूं करायची सोय नव्हती," आज्जी सांगायची. ह्याला गाव 'रीत' म्हणायचं.

जगात जेवायच्या रिती पुष्कळ आहेत. जपानात शेवयांचा भुरका मोठ्यानं मारला तरी चालतो, आपल्याकडं आई टपली मारती. अरबांच्या घरी एका परातीभोवती चारपाच जण बसतात आणि उजव्या हातानं खातात. शिखांच्या लंगरात राजा आला तरी भुईवरच बसणार. ह्या रिती कसं खायचं ते सांगतात. आमच्या गावची रीत कुणी कुणाबरोबर खायचं नाही ते सांगत होती. हा फरक शहाणी माणसं विसरतात.

आता डोंगराकडं बघा. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशी बौद्ध लेणी कोरलेली आहेत. सुमारे २००० वर्षांपूर्वीची. नाणेघाट चढून कोकणातला माल इथं यायचा, त्याच्याबरोबर परदेशी माणूसही यायचा. ह्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात चिट नावाच्या यवनाचं दान लिहिलंय. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक. त्यानं संघाला काय दिलं? भोजनमंडप. जेवायची जागा! इरिल नावाच्या दुसऱ्या यवनानं दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. एका परक्यानं अन्नाची जागा दिली, दुसऱ्यानं पाण्याची. भिक्षू तिथं जेवले, ते पाणी प्याले. कुणी बाटलं नाही.

त्या संघात जेवायचेही नियम होते बरं का. तोंडात घास असताना बोलू नये, चपचप आवाज करू नये, बोटं चाटू नयेत. बसायचा क्रमही होता, पण तो दीक्षा कुणी आधी घेतली त्यावर. उपाली न्हावी होता. त्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली, म्हणून राजपुत्रांनी त्याला वंदन केलं. सुनीत रस्ता झाडणारा होता, तोही संघात आला. म्हणजे शिस्त होती, शिवाशीव नव्हती.

पण इ. स. ४०० च्या सुमाराला फाहियान नावाचा चिनी भिक्षू उत्तरेत फिरला, तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की चांडाळ गावाबाहेर राहतात आणि बाजारात येताना लाकूड वाजवून वर्दी देतात. बघा, वर्दी द्यायची रीत किती जुनी आहे.

ती रीत वरच्यांनाही चावली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक अशा मोठ्या मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली. नावं छापून आली, ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे आणि टिळक दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका चहासाठी! त्यांचा विटाळ प्रायश्चित्तानं फिटला. आमचा कशानं फिटणार होता?

तो गिरणीतही आमच्या मागं आला. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्याला पगार जास्त होता. पण धोट्यात नवी कांडी घातली की सूत भोकातनं तोंडानं ओढावं लागायचं. आमच्या तोंडचं सूत सवर्ण कामगाराला चालेना, म्हणून साळखातं आम्हांला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनवाल्यांपुढं ठेवला. त्याआधी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ते ओंजळभर पाणी प्यालेच होते. ज्या मुलखात इरिलनं पोढी दिल्या, त्याच मुलखात माणसाला पाण्यासाठी लढावं लागलं.

१९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरली. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, येसकराची भाकरी मागायची पाळी गेली. १९७२ च्या सुमाराला बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव हिंडले. एवढं झालं आणि रीत शहाणी झाली. आता ती वरनं आमटी सोडत नाही. ती म्हणती, कप कमी पडले. वर स्वच्छतेचं नाव आहेच. वापरा आणि फेका.

पुढच्या सुट्टीला तो दोस्त आणि मी लेणी बघायला गेलो. लेख मला वाचता येत नाही, पण अर्थ ठाऊक होता, तो मी त्याला सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. खाली उतरल्यावर पायथ्याला आम्ही डबा सोडला. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "त्या दिवशी मीच बोलायला पायजे होतं." मी म्हणालो, "मी तरी कुठं बोललो?"

एका डब्यात दोघं जेवलो. त्यानं चपचप केलं. चिटाच्या मंडपात बोलणी बसली असती.

यंदाच्या जत्रेला आम्ही त्याच घरी जाणार आहोत. मी फळीवरचा कप मागणार आहे. काय होतं ते पुढच्या अंकात लिहीन.