कुरुंदवाड–दुबई : हवाई अंतर व प्रवासवेळ

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडपासून दुबईचे सरळ रेषेतील अंतर सुमारे 2,200 कि.मी. आहे. सरळ रेषा म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरची सर्वांत जवळची वाट. प्रत्यक्ष प्रवास मात्र बहुधा मुंबईमार्गे होतो, कारण कोल्हापूरहून आंतरराष्ट्रीय विमान सुटत नाही.

मुंबई–दुबई हवाई अंतर सुमारे 1,930 कि.मी. आहे. ताशी साडेआठशे कि.मी. वेगाचा हिशोब धरला तर सव्वादोन तास पुरावेत. वेळापत्रकात मात्र सव्वातीन तासांच्या आसपास लिहिलेले असते. विमान जागेवरून हलल्यापासून ते उतरून थांबेपर्यंतची सगळी वेळ त्यात मोजतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे उड्डाणासाठी रांग लागते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास साधारण तीन तासांत आटोपतो. घड्याळ मात्र उलटेच सांगते. दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी 10 ला निघालेले विमान तिथल्या 11.45 ला उतरते, तर दुबईहून 10 ला सुटलेले मुंबईत दुपारी 1 ऐवजी 2.30 ला पोहोचते.

 

कुरुंदवाडकराचा खरा वेळ जमिनीवर जातो. गावापासून मुंबई सरळ रेषेत सव्वातीनशे कि.मी.; पण कोल्हापूर–मुंबई लोहमार्ग मिरज, सातारा, पुणे असा वळसा घेत 518 कि.मी. भरतो. जयसिंगपूर किंवा मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की सकाळी मुंबई गाठते. या एका रात्रीत मुंबई–दुबई जाऊन-येऊन होईल. रस्त्यानेही सात-आठ तास लागतात. हवाई अंतराच्या तक्त्यांत हा भाग नसतो, आणि छोट्या गावच्या माणसाला तेच तक्ते फसवे ठरतात.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ हा यावरचा उपाय. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये तो सुरू झाला. आज त्याला त्यांचेच नाव आहे. नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च 2024 मध्ये झाले. तेथून मुंबई सुमारे 310 कि.मी., तासाभराची. बेळगावचा सांबरा विमानतळही कुरुंदवाडच्या दक्षिणेला सरळ रेषेत नव्वद-पंच्याण्णव कि.मी.वर आहे. मात्र मुंबईचे विमान आणि दुबईचे विमान यांच्या वेळा जुळल्या तरच हा फायदा पदरात पडतो. मधे सहा-सात तास ताटकळावे लागत असेल, तर रात्रीची रेल्वेच बरी.

पुरात हे सगळे आकडे निरुपयोगी होतात. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत कुरुंदवाडला पाण्याने वेढले. 2019 व 2021 मध्ये कोल्हापूरनजीकच्या शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्गही बंद पडला होता. तेव्हा जुलै-ऑगस्टचे तिकीट असेल, तर नदीची पातळी पाहून किमान एक दिवस आधी गाव सोडावे.