पिप (ग्रेट एक्स्पेक्टेशन्स)

पिप (पूर्ण नाव: फिलिप पिरिप) हा इंग्लिश कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या ग्रेट एक्स्पेक्टेशन्स या कादंबरीचा नायक व निवेदक आहे. ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात डिकन्स यांच्या ऑल द इयर राउंड या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. प्रौढ पिप आपल्या बालपणाची व तारुण्याची हकीकत सांगतो. त्यामुळे स्वतःच्या चुकांचा न्यायनिवाडाही तोच करतो.

बालपण

पोरका पिप केंट परगण्यातील दलदलीच्या प्रदेशात थोरली बहीण व तिचा प्रेमळ नवरा, लोहार जो गार्जरी, यांच्याकडे वाढतो. एबेल मॅग्विच या पळालेल्या कैद्याच्या धाकाने तो घरातून अन्न व कानस चोरून त्याला नेऊन देतो. पुढे मिस हॅविशॅम या श्रीमंत स्त्रीच्या घरी एस्टेला त्याच्या खरखरीत हातांची व जाड बुटांची टर उडवते. तेव्हापासून त्याला आपल्या घराची लाज वाटू लागते.

लंडनमधील वास्तव्य

एका अज्ञात हितकर्त्याच्या पैशावर पिप ‘सभ्य गृहस्थ’ होण्यासाठी लंडनला जातो. हा पैसा मिस हॅविशॅमचा आहे, असा त्याचा समज असतो. तेथे तो कर्जबाजारी होतो आणि भेटीस आलेल्या गार्जरीशी परक्यासारखा वागतो. मित्र हर्बर्ट पॉकेट याला व्यापारात भागीदारी मिळावी म्हणून त्याने गुप्तपणे केलेली मदत हे या काळातील त्याचे एकमेव निःस्वार्थ कृत्य ठरते.

परिवर्तन

पिप २३ वर्षांचा असताना मॅग्विच ऑस्ट्रेलियातून परततो आणि हितकर्ता आपणच असल्याचे सांगतो. पिपला आधी त्याची किळस येते. परंतु थेम्स नदीतून त्याला देशाबाहेर नेण्याचा बेत फसल्यावर पिप जखमी मॅग्विचचा हात भर न्यायालयात धरून बसतो. मॅग्विचची संपत्ती सरकारजमा होणार हे ठाऊक असूनही तो अखेरपर्यंत त्याची साथ सोडत नाही. मृत्यूपूर्वी मॅग्विचला त्याची हरवलेली मुलगी, म्हणजेच एस्टेला, जिवंत असल्याचे तो सांगतो. ज्याच्यापासून काहीही मिळणार नाही अशा माणसाला आपला मानणे, हा पिपच्या वाढीचा निर्णायक टप्पा आहे.

त्यानंतरच्या आजारपणात गार्जरी त्याची शुश्रूषा करतो व त्याचे कर्ज फेडतो. बालमैत्रीण बिडीला मागणी घालण्यास पिप गावी जातो, तेव्हा तिचा गार्जरीशी नुकताच विवाह झालेला असतो. मत्सर न करता तो दोघांची क्षमा मागतो आणि कैरो येथे हर्बर्टच्या व्यापारी पेढीत कारकुनी पत्करतो. संपत्तीऐवजी स्वकष्टाच्या मिळकतीवर जगणे तो स्वीकारतो.

दोन शेवट

मूळ शेवटात पिप व एस्टेला यांची लंडनमध्ये ओझरती भेट होऊन ते कायमचे दुरावतात. लेखक एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या सल्ल्यावरून डिकन्स यांनी तो बदलला. प्रसिद्ध झालेल्या शेवटात दोघे मिस हॅविशॅमच्या उद्ध्वस्त वास्तूच्या आवारात भेटतात व एकत्र बाहेर पडतात. कोणता शेवट अधिक योग्य, याविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. मात्र दोन्ही शेवटांत पिप गार्जरी व मॅग्विच यांच्याविषयीची लाज आधीच मागे टाकून आलेला असतो.