आणखी एक वर्ष कशाला?

आपल्या घरांतून मुलीच्या शिक्षणाची गोष्ट निघाली की एक प्रश्न ठरलेला असतो. "पदवी मिळते आहे ना, मग आणखी एक वर्ष कशाला?" मुलगी डॉक्टर होणार असली तर हे कुणी विचारत नाही. ती चित्रकला शिकत असली तर हमखास विचारतात, आणि विचारणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन वर्षांनी पदवी घ्यायची किंवा चौथं वर्ष करून 'ऑनर्स' घ्यायचा, असा पर्याय ठेवला. तेव्हापासून तर या प्रश्नाला सरकारी आधारच मिळाल्यासारखं झालंय. तीनात भागतंय, तर चार कशाला?

मला या प्रश्नाचा राग येत नाही. रंग, कॅनव्हास, वसतिगृह यांचा खर्च घरालाच करायचा असतो, आणि मुलीचं वयही घर मोजतच असतं. पण चित्र शिकणाऱ्या मुलीला पदवी मिळते ही गोष्टच किती अलीकडची आहे, आणि त्या वाढीव वर्षात नेमकं काय घडतं, हे ठाऊक असलं तर उत्तर देणं जरा सोपं जातं. म्हणून हा थोडा इतिहास सांगते.

१८५७ साली मुंबईत दोन गोष्टी सुरू झाल्या. एक मुंबई विद्यापीठ आणि दुसरं सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून निघालेलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. एकाच शहरात, एकाच वर्षी. पण या दोघांची गाठ पडायला १९८१ साल उजाडलं. तोपर्यंत जे. जे.मध्ये शिकणाऱ्याला विद्यापीठाची पदवी नव्हती, सरकारी पदविका होती. 'जी. डी. आर्ट' ही अक्षरं जुन्या चित्रकारांच्या नावापुढे आपण सगळ्यांनी वाचलेली आहेत. म्हणजे एकशे चोवीस वर्षं आपल्याकडे कायदा ही विद्या होती, गणित ही विद्या होती, आणि चित्र हे हातात असलेलं कसब होतं. त्या कसबातून राजा-महाराजांची व्यक्तिचित्रं झाली, पुस्तकं सजली, शाळांना ड्रॉइंग मास्तर मिळाले. पण घरच्या भाषेत सांगायचं तर 'शिकलेला' म्हणजे बी. ए. झालेला. चित्रकार शिकलेल्यात मोडत नसे.

याचा मुलींवर काय परिणाम झाला ते बघा. त्या काळात जे. जे.पर्यंत पोचलेल्या मुलींत दोन नावं ठळक दिसतात. अंबिका धुरंधर यांनी १९३० च्या आसपास तिथली पदविका मिळवली. त्यांचे वडील म. वि. धुरंधर, जे. जे.चेच नामवंत शिक्षक. दुसऱ्या अँजेला त्रिंदाद. त्यांचे वडील गोव्याचे चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद, तेही जे. जे.मध्ये शिकवायचे. दोघीही गुणी होत्या, यात शंका नाही. पण ज्या घरात वडीलच तिथे शिकवत होते, त्या घरांना ते दार ओळखीचं होतं. व्यापाऱ्याच्या, शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या घरातली मुलगी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवायची आणि तिचा हात रांगोळीकडे वळायचा. आमच्या जैन घरांत तो विधानाच्या मंडलाकडे वळला. सिद्धचक्र विधानाचं मंडल मांडताना बायकांचे हात काय अचूक चालतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पूजा संपली की मंडल आवरलं जातं. कुणी काढलं होतं याची नोंद कुठेच राहत नाही.

माझं माहेर बेळगावचं आणि सासर वडोदऱ्याचं. इथं आल्यावर मला या गोष्टीचा पुढचा भाग कळला. वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवलं. दादासाहेब फाळके तिथे शिकले, हे मराठी माणूस अभिमानानं सांगतो. पण कलाभवनाचा मुख्य रोख उद्योगाकडे होता. रंगाई, विणकाम, सुतारकाम, यंत्रं. बायकांसाठी महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय होतं. तिथे शिवण आणि भरतकाम. या संस्थांनी अनेकींना चार पैसे मिळवून दिले, त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. तरी बाईनं सुईनं केलेलं काम 'उद्योग' आणि पुरुषानं कुंचल्यानं केलेली ती 'कला', ही भिंत तशीच उभी राहिली.

ती भिंत हलली १९४९-५० मध्ये. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. संविधान सभेत बसलेल्या बाई. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द होते, तिथे 'सर्व मानव' असा बदल व्हावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या याच. त्यांच्या कारकिर्दीत, १९५० साली, विद्यापीठात ललित कला शाखा निघाली. मार्कंड भट्ट पहिले डीन. चित्रकलेचे प्रमुख नारायण श्रीधर बेंद्रे, इंदूरला जन्मलेले, तिथल्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली घडलेले मराठी गृहस्थ. शिल्पकलेला शांतिनिकेतनातून आलेले शंखो चौधरी, आणि लवकरच के. जी. सुब्रमण्यन. भारतात चित्र-शिल्पासाठी विद्यापीठाची पदवी देण्याचा पायंडा इथून पडला.

पदवी म्हटल्यावर अभ्यास बदलला. नुसतं हुबेहूब काढता येऊन भागेना. कलेचा इतिहास वाचायचा, सौंदर्यशास्त्र समजून घ्यायचं, आपण जे करतो ते का करतो हे चार ओळींत लिहायचं. बेंद्र्यांचे विद्यार्थी बघितले तर ज्योती भट्ट वेगळे, शांती दवे वेगळे, काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष आणखी वेगळे. सगळे गुरूची नक्कल करत बसले नाहीत. १९५६ मध्ये या मंडळींनी 'बडोदा ग्रुप' स्थापन केला, त्यात प्रभा डोंगरे, कुमुद पटेल अशा स्त्रियांची नावं आहेत.

आणि पदवी म्हटल्यावर घरंही बदलली, बरं का. हा भाग कलेच्या इतिहासात कुणी लिहीत नाही, तो आपल्या सोयरिकींच्या बैठकांत लिहिलेला आहे. 'मुलगी चित्रं काढते' म्हटलं की पाहुणे चहाचा कप ठेवून एकमेकांकडे बघायचे. 'मुलगी ग्रॅज्युएट आहे' म्हटलं की कप पुन्हा उचलला जायचा. मुलगी तीच आणि तिची चित्रंही तीच. त्या एका शब्दाच्या आडोशानं कितीतरी मुलींना चार-पाच वर्षं मिळाली. ही वर्षं त्यांना कुणी कलेसाठी दिली नव्हती, पदवीसाठी दिली होती. त्यांनी ती कलेसाठी वापरली.

पदवीमुळे आणखी एक रस्ता उघडला. दुसरं काही शिकलेली मुलगीही इकडे वळू शकली. नीलिमा शेख दिल्लीला इतिहास शिकल्या आणि मग वडोदऱ्याला येऊन चित्रकलेत एम. ए. झाल्या. पुष्पमाला एन. यांनी बंगळुरात पदवी घेतली आणि मग इथे येऊन शिल्पकला शिकल्या. आपल्या हिशेबानं या दोघींची कितीतरी वर्षं 'वाया' गेली म्हणायची!

आता त्या वाढीव वर्षाकडे येते. मृणालिनी मुखर्जी १९६५ ते १९७० अशी पाच वर्षं इथे चित्रकला शिकल्या. त्यांचे आई-वडील दोघेही कलावंत, त्यामुळे घरात समजूत होती, हे मान्य करायला हवं. पदवीनंतर त्या घरी गेल्या नाहीत. भित्तिचित्राचा पुढचा अभ्यासक्रम, आणखी दोन वर्षं, सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. सुब्रमण्यन यांनी मधल्या काळात हातमाग मंडळात काम केलेलं. सूत, लाकूड, चामडं, माती यांना ते कॅनव्हासपेक्षा कमी लेखत नसत. त्यांच्या प्रेरणेनं १९६१ पासून इथे ललित कला मेळा भरू लागला, तिथे शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी करायचे आणि विकायचे. अशा वातावरणात मृणालिनी यांच्या हातात दोरी आली, अंबाडी-तागाची असते तशी साधी. पाच वर्षं चित्रकला शिकलेली मुलगी दोरीला गाठी मारत बसली. शेजारपाजारच्या बायकांनी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, ते मी इथे लिहीत नाही.

त्या गाठींतून पुढे माणसापेक्षा उंच शिल्पं उभी राहिली. 'आदिपुष्प', 'वनश्री' अशी त्यांची नावं आहेत. देवतेसारखी, झाडासारखी, उमलत्या फुलासारखी. २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन लागलं आणि त्याच दिवसांत त्या गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये त्यांची शिल्पं मांडली गेली. पाच वर्षांच्या पदवीत त्या रंग शिकल्या. दोरी सापडली ती त्यानंतरच्या वर्षांत. पदवीच्या पहिल्या वर्षांत शिक्षक विषय देतात, मुलं करतात. वस्तुचित्र, व्यक्तिचित्र, रचना, एकामागून एक. शेवटच्या वर्षी विषय द्यायला कुणी नसतं. रिकामा स्टुडिओ, रिकामी भिंत, आणि वर्षाच्या शेवटी लोक बघायला येणार. आजवर शिकलेल्यातलं आपलं किती आणि गुरुजींचं किती, हे त्या वर्षी कळतं. कुणाला दोरी सापडते. कुणाला आपण चित्रकार नाही हेही कळतं, आणि तेही एका वर्षात कळलं तर स्वस्तात पडलं म्हणायचं.

याला जोडून एक गोष्ट सांगायची आहे, ती आपल्या समाजाची. ललित कला शाखा निघाली त्याच सुमारास, १९५१ मध्ये, वडोदऱ्याच्या अकोटा भागात जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ लिहिला. त्यातली जीवंतस्वामींची मूर्ती कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आहे. मुकुट आणि अलंकार घातलेले राजपुत्र महावीर. आमच्या दिगंबर घरातून आलेलीला ते रूप पहिल्यांदा नवलाचं वाटतं. मूर्ती सहाव्या शतकातली, मेणाचा साचा करून ओतलेली. तिच्या बैठकीवर लेख आहे: चंद्रकुलातल्या नागीश्वरी नावाच्या श्राविकेचं हे दान.

बाईचं नाव चौदाशे वर्षं टिकलं. कर्नाटकात दहाव्या शतकात अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती करवून घेतल्या, तिचंही नाव टिकलं. दोघींबद्दल मला आदर आहे. पण 'करवून घेतल्या' हे क्रियापद बघा. आपल्या परंपरेत बाईचं नाव कोरलं गेलं ते करवणारी म्हणून. करणारी म्हणून ती होतीच, मंडलात होती, रांगोळीत होती, पण तिथे नाव नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी कामही उरत नव्हतं. ज्योती भट्टांनी साठीच्या दशकाच्या अखेरीपासून गावोगाव फिरून बायकांनी भिंतींवर आणि अंगणांत काढलेल्या चित्रांचे फोटो काढले, म्हणून त्यातलं थोडंफार आपल्याला आज दिसतं.

पंच्याहत्तर वर्षांपूर्वी या शहरात मुलींना पदवी मिळू लागली, तिचा अर्थ मला या दोन क्रियापदांच्या मधे दिसतो. आपल्या समाजात दानाला कधी कमी नाही. पंचकल्याणकाला, मंदिराच्या शिखराला आपण सढळ हातानं देतो आणि फरशीवर नाव कोरून घेतो. नात्यातली एखादी मुलगी चौथ्या वर्षाचं म्हणेल तेव्हा खर्चाचा हिशेब जरूर मांडावा, तो मांडायलाच हवा. पण 'कशाला' असं विचारण्याआधी तिला जवळ बसवून विचारावं, "या वर्षात तू काय करणार आहेस, बाळ?" तिला नीट सांगता येणार नाही कदाचित. मृणालिनींनाही १९७० साली दोरीचं नाव सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. तिनं सांगायला सुरुवात केली तर मधे बोलू नये, एवढं आपल्याला जमेल.