हॅपी बर्थडे जोशी, आणि इतर लपलेली मंडळी

५ जानेवारीला एका जोशांचा वाढदिवस असतो. आमच्या नात्यातले नव्हेत, आणि डोंबिवलीत दर जिन्यात एक तरी असतात त्या जोशांपैकीही नव्हेत :) हे जोशी म्हणजे जून १९९० मध्ये भारतात सापडलेला एक व्हायरस. सव्वापाच इंची फ्लॉपीवरून तो यायचा आणि ५ जानेवारीला मशीन सुरू केलं की अडून बसायचा. पडद्यावर इंग्रजीत फर्मान, की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. टाइप केलं की गडी खूश, काम पुन्हा चालू. नाही केलं तर बसा तसेच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे भाच्याचा मेसेज. भाचा ठाण्याला असतो. ताई, म्हणजे त्याची आई, त्यांच्या सोसायटीची खजिनदार आहे. सोसायटीचे हिशेब, बँकेचे व्यवहार, सगळं घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर चालतं. ते मशीन हल्ली विचित्र वागतंय म्हणून चिरंजीवांनी कुठूनतरी एक यादी काढली आणि मला विचारलं, "मामा, रूटकिट शोधायला यातलं फुकटातलं कुठलं घेऊ?" यादी पाहिली आणि हसू आलं. रूटकिटरिव्हीलर, ब्लॅकलाइट, आइसस्वोर्ड.. वीस वर्षांपूर्वीची सगळी मंडळी हजर! त्याला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण ही नावं का आली आणि का गेली हे कळल्याशिवाय निवड करता येत नाही असं माझं आपलं मत. म्हणून हा लांबलचक लेख.

तर जोशी. वाढदिवसाचा किस्सा सगळे सांगतात, पण त्याची खरी करामत वेगळीच होती. हा हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसायचा. मशीन चालू झालं की डॉसच्याही आधी हा मेमरीत हजर. मग कोणी तो सेक्टर वाचायला गेलं, की हा मधल्या मध्ये ती विचारणा अडवायचा आणि बाजूला जपून ठेवलेली मूळ, स्वच्छ प्रत पुढे करायचा. बघणाऱ्याला वाटायचं, सगळं ठीक आहे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तरी हा मेमरीतून हलत नसे. उपाय एकच. वीज पूर्ण बंद करायची आणि राइट-प्रोटेक्ट केलेल्या, खात्रीच्या फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं. मग जोशी झोपलेले असताना त्यांची खोली तपासायची.

ही युक्तीसुद्धा जोशांची स्वतःची नव्हे. १९८६ साली लाहोरच्या दोन अल्वी बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस हेच करायचा. बूट सेक्टर वाचायला गेलं की जुना, चांगला सेक्टर दाखवायचा. म्हणजे घरगुती संगणकावरच्या व्हायरसांनी लपायची कला जवळजवळ जन्मापासूनच शिकून घेतली होती. आपल्याकडे याच फ्लॉपीयुगात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून संगणक दुरुस्तीत आलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस तयार केला, तोच पुढे क्विक हील म्हणून घराघरात गेला.

'रूटकिट' हा शब्द मात्र युनिक्सवाल्यांचा. युनिक्समध्ये सर्वाधिकार असलेल्या खात्याला 'रूट' म्हणतात. १९९० नंतरच्या वर्षांत घुसखोरांनी एक पद्धत काढली. एकदा रूट मिळालं की फाइलींची यादी दाखवणारा, चालू प्रोग्राम दाखवणारा असे नेहमीचे प्रोग्रामच बदलून टाकायचे. दिसायला तेच, पण घुसखोराचं नाव गाळून बाकीचं सांगणारे. अशा बदललेल्या हत्यारांची पेटी म्हणजे रूटकिट. त्यांना शोधायला १९९७ मध्ये ब्राझीलमधल्या दोघांनी 'चेकरूटकिट' लिहिलं आणि २००३ मध्ये 'आरकेहंटर' आलं. दोन्ही फुकट आणि दोन्हींचा सोर्स उघडा. पण ती युनिक्स-लिनक्सच्या जगातली. आपल्या घरी होतं विंडोज.

आता या कथेत डोंबिवली येते. २००५ च्या जानेवारीत एमटीएनएल आणि बीएसएनएल दोघांनीही ब्रॉडबँड आणलं. ठाणं एमटीएनएलकडे, ०२२ चा नंबर. पारसिकचा बोगदा ओलांडून डोंबिवली-कल्याणला आलात की बीएसएनएल, ०२५१. तोवर इंटरनेट म्हणजे मिनिटामिनिटाचा हिशेब किंवा गल्लीतला सायबर कॅफे. आता मशीन तासन् तास जोडलेलं राहायला लागलं. आणि मशीन कसं? लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेलं. त्यावर ओळखीच्या 'इंजिनीअर'ने सीडीवरून टाकून दिलेलं एक्सपी, ज्याला अपडेट द्यायची कोणाची हिंमत नाही. घरातला प्रत्येक जण अॅडमिनिस्ट्रेटर. युनिक्सच्या घुसखोराला जे रूट कष्टाने मिळवावं लागे, ते आम्ही दारात पाट मांडून देत होतो.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मार्क रुसिनोविच या अमेरिकन प्रोग्रामरने एक गोष्ट जगाला सांगितली. त्याने स्वतः लिहिलेल्या रूटकिटरिव्हीलरची नवी आवृत्ती तो तपासत होता, आणि त्याच्याच मशीनवर रूटकिट सापडलं. ते आलं होतं सोनी बीएमजीच्या रीतसर विकत घेतलेल्या गाण्याच्या सीडीवरून! गाणी कॉपी होऊ नयेत म्हणून टाकलेलं. ठराविक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल ते विंडोजपासून लपवायचं. मग काय, काही दिवसांत दुसरे व्हायरसही त्याच नावाची टोपी घालून त्याच आडोशाला उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये सोनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या.

रूटकिटरिव्हीलरची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तो दोन साक्षीदारांना तोच प्रश्न विचारायचा. आधी विंडोजला विचारायचं, या डिस्कवर कायकाय आहे? मग विंडोजला बगल देऊन डिस्कवरचे कच्चे बाइट स्वतः वाचायचे. दोन जबान्यांत जिथे फरक, तिथे संशय. नावाची यादी घेऊन ओळखपरेड करायची नाही, फक्त खोटं कुठे बोललं जातंय ते पकडायचं. फार आवडलं होतं मला ते तेव्हा.

मग तर फुकट हत्यारांचा पाऊसच पडला. फिनलंडच्या एफ-सिक्युअरचं ब्लॅकलाइट, चीनमधून आलेलं आइसस्वोर्ड, पोलंडच्या एका प्रोग्रामरचं जीमर, सोफोसचं अँटी-रूटकिट.. सगळी काही एमबीत मावणारी आणि फुकट.

२००६ च्या मे महिन्यात डोंबिवलीला मामाकडे मुक्कामाला होतो, तेव्हा यातली तीन त्यांच्या मशीनवर चालवली. मामा नुकतेच निवृत्त झालेले, फंडाचे पैसे बँकेत, आणि नेटवरून ते बघायची नवी हौस. मशीन मधूनच आपोआप गुरगुरायचं म्हणून धास्तावलेले. रूटकिटरिव्हीलरने किरकोळ फरक दाखवले. ब्लॅकलाइट म्हणालं काही नाही. आणि जीमरने अख्खी लाल-काळी यादीच पुढे टाकली. मामेभाऊ म्हणाला, "दादा, सगळं उडवून टाक." मी म्हटलं, थांब. एकेक ओळ शोधत गेलो तर काही ओळी घरातल्या अँटीव्हायरसच्याच निघाल्या. काही मामेभावाने गेमसाठी टाकलेल्या, संगणकावर खोटा सीडी ड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रामच्या. असे प्रोग्राम रूटकिटच्याच युक्त्या वापरतात हे रुसिनोविचनेच त्या फेब्रुवारीत लिहिलं होतं. पहारेकरी आणि चोर दोघेही एकाच खिडकीतून आत जातात म्हटल्यावर नुसत्या पाऊलखुणांवरून काय ओळखणार? उडवलं असतं तर मशीन सुरूच झालं नसतं.

मग नॉपिक्स लिनक्सच्या सीडीवरून मशीन सुरू केलं आणि विंडोज झोपलेलं असताना ड्रायव्हरचं फोल्डर पाहिलं. दोन याद्या सारख्या निघाल्या. मामांनी विचारलं, "म्हणजे नाहीच असं नक्की ना?" मी म्हटलं, "मामा, सापडलं नाही एवढंच नक्की." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मी आपला रांगेत उभा राहतो." विंडोज नव्याने टाकून होईपर्यंत महिनाभर ते शाखेत जाऊन पासबुक भरून आणत होते. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं. आज वाटतं, सगळ्यांत शहाणा निर्णय त्यांचाच होता.

कारण लपणारे थांबले नाहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक सुरक्षा अपडेट आलं आणि अनेक मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आधी सगळ्यांनी अपडेटलाच शिव्या दिल्या. मग कळलं की त्या मशीनांवर अॅल्युरियन नावाचं रूटकिट आधीच बसलेलं होतं. विंडोजच्या गाभ्यातले पत्ते त्याने पाठ केले होते, अपडेटने पत्ते बदलले आणि ते तोंडघशी पडलं. म्हणजे इतके दिवस ही मशीन 'ठीक' चालत होती! त्याच काळात 'अँटीव्हायरस २००९' असल्या नावांचे भामटेही फिरत होते. फुकट तपासणी, मग शंभर व्हायरसांची खोटी यादी, आणि काढायचे पैसे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

मग ती जुनी हत्यारं कुठे गेली? विंडोजच बदललं. ६४ बिटच्या विंडोजने गाभ्यात हात घालायला चांगल्या-वाईट सगळ्यांनाच बंदी केली आणि ड्रायव्हरला सहीशिक्का सक्तीचा केला. २०१२ च्या विंडोज ८ पासून सिक्युअर बूट आलं, म्हणजे मशीन सुरू होतानाच सह्या तपासणं. रूटकिटरिव्हीलर ३२ बिटच्या एक्सपीपुरता राहिला. ब्लॅकलाइट बंद पडलं. अर्थात चोरही शिकले. २०१८ मध्ये ईसेटने मदरबोर्डवरच्या चिपमध्येच घर करणारं लोजॅक्स उघडकीला आणलं, आणि २०२३ मध्ये सिक्युअर बूटला चकवणारं ब्लॅकलोटस. पण घरगुती मशीनपर्यंत पोचणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही हेही खरं.

आता भाच्यासाठी. तुझी यादी फाडून टाक. अशी मेलेली नावं आज कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवणं हाच मोठा धोका. निवडताना तीन गोष्टी बघायच्या: संशयित झोपलेला असताना ते तपासतं का, ते कोण लिहितं आणि आजही लिहितं का, आणि जे सापडेल ते नीट समजावून सांगतं का.

पहिल्या कसोटीला उतरणारं एक तर तुझ्या विंडोजमध्येच आहे. डिफेंडरच्या स्कॅनच्या पर्यायांत 'ऑफलाइन स्कॅन' बघ. मशीन बंद होऊन वेगळ्याच छोट्या विंडोजमधून सुरू होतं आणि पाव तासात डिस्क तपासतं. जोशांच्या वेळची राइट-प्रोटेक्ट फ्लॉपी, दुसरं काय! दुसरं मत हवं तर मालवेअरबाइट्सचं फुकट रूप घे. त्यात रूटकिटचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो, तो विसरू नकोस. आणि भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या पानावर सफाईची फुकट हत्यारं असतात. सिक्युअर बूट चालू आहे का तेही पाहून घे. विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तो विषय ताईशी बोलून आधी मिटव.

आणि एक. हे सगळं करून काही सापडलं नाही, तरी मशीन विचित्र वागतच राहिलं, तर शोधत बसू नकोस. हिशेबाच्या फाइली बाजूला काढ, दुसऱ्या चांगल्या मशीनवर बनवलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाक. आणि ते होईपर्यंत सोसायटीच्या खात्याचा पासवर्ड ताईला त्या मशीनवर टाइप करू देऊ नकोस. आज संध्याकाळीच दुसऱ्या फोनवरून तो बदलायला सांग. पैसे एकट्या आपल्या घरचे नाहीत, अख्ख्या सोसायटीचे आहेत.